हेलिकॉप्टर हवेत थांबतं तेव्हा

तुम्ही विचारलंय की विमान जास्त वेगानं जातं, जास्त माल नेतं, मग हेलिकॉप्टर हवंच कशाला? शिवाय एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरला इंधन कमी लागत असेल ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. उलट आहे. गोव्यातल्या डाबोळीच्या नौदल तळावर मी बरीच वर्षं चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीत काढली. तिथं नव्यानं आलेला प्रत्येक पोरगा हेच समजून येई. खाडीत पोहणाऱ्याला विचारा, पुढं जाणं सोपं की एका जागी उभ्यानं तरंगणं? थांबलेलं हेलिकॉप्टर स्वतःच खाली लोटलेल्या हवेत पाती मारत असतं. पुढं सरकलं की पात्यांना ताजी हवा मिळते आणि लागणारी शक्ती कमी होते. वेग फारच वाढला तर पुन्हा वाढते, ते वेगळं. म्हणून वारा असला की वैमानिक नाक वाऱ्याकडे करून थांबतो, तेवढीच मदत. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात हवा विरळ होते. चेतकमध्ये वैमानिकासह सात जणांची सोय आहे, पण अशा दिवसांत वजनाचा हिशेब जास्त काटेकोर करावा लागतो.

इतकं महाग पडूनही थांबायचं कशाला? कारण ते साध्या विमानाला जमतच नाही. सी किंग हे नौदलाचं हेलिकॉप्टर समुद्रावर थांबून केबलनं सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्यातली वस्तू हुडकणारं यंत्र, पाण्यात सोडतं आणि पाणबुडीचा कानोसा घेतं. बुडणाऱ्या खलाशाला दोरानं वर ओढायचं तरी थांबावंच लागतं. त्यात एक गंमत, म्हणजे न कळल्यास गंमत नव्हे: फिरत्या पात्यांमुळे यंत्रावर स्थिर वीज साठते. म्हणून दोराच्या टोकाचा आकडा आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायचा, मग हात लावायचा. घाई करणाऱ्याला असा झटका बसतो की पुढच्या वेळी त्याला सांगावं लागत नाही! समुद्रावर खाली थांबलं की खारट फवारा इंजिनात जातो. मग परत आल्यावर गोड्या पाण्यानं आतून धुणं. ते काम आमचं.

निवृत्तीनंतर मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहतो. 2023च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या. डोंगरावर बंब चढणार कुठून? नौदलाच्या हेलिकॉप्टरनं मोर्ले भागात पाणी टाकलं. ते डाबोळीहून आणावं लागलं नाही, जवळच्याच तलावातून उचललं. हवाई दलाचं एमआय-17 सुद्धा बादली लटकवून आलं होतं. हजार लिटर म्हणजे हजार किलो, तेही उन्हात, तलावावर थांबून उचलायचं. लोक टाळ्या वाजवत होते, माझं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

इंजिन बंद पडलं तर दगडासारखं कोसळतं, असं बरेच जण समजतात. वैमानिक लगेच पात्यांचा कोन कमी करतो. खाली येताना वर घुसणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात आणि टेकण्याआधी तोच फिरता जोर वापरून उतरण्याचा वेग मोडता येतो. त्यासाठी उंची हवी किंवा पुढचा वेग हवा. जमिनीपासून थोड्याच उंचीवर थांबलेल्या यंत्राकडे दोन्ही नसतं, म्हणून बादली भरताना पाहून माझ्या पोटात गोळा येत होता.