कायदा की अर्थशास्त्र? स्पर्धा नियमनात काम करायचंय

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्पर्धा कायदा, म्हणजे कंपन्यांची मक्तेदारी रोखणारा कायदा, फार आवडू लागलाय. पण बाबा म्हणतात, ‘जगभर पसरलेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपुढे एका देशाचं नियामक कार्यालय काय करणार? तिथे करिअर कशाला?’ आणि या क्षेत्रात जायचंच ठरवलं, तर पुढे अर्थशास्त्र शिकू की एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करू?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते.

अमेरिकेची चिप कंपनी क्वालकॉम नेदरलँड्सची एनएक्सपी विकत घेणार होती. व्यवहार सुमारे ४४ अब्ज डॉलरचा, आणि दोघींपैकी एकही कंपनी चिनी नाही. तरीही चीनच्या स्पर्धा नियामकाची आवश्यक मंजुरी मुदतीत आली नाही. जुलै २०१८मध्ये क्वालकॉमने माघार घेतली आणि करारानुसार एनएक्सपीला २ अब्ज डॉलर मोजले. त्या वेळी अमेरिका-चीन व्यापारयुद्ध पेटलेलं होतं, हेही विसरू नकोस. व्यवहार रोखण्याचा हा अधिकार राजकारणापासून अलिप्त नसतो. हलत्या चित्रांचा (जिफ) संग्रह पुरवणाऱ्या जिफी कंपनीची गोष्ट वेगळी. फेसबुकची मालक कंपनी मेटाने ती २०२०मध्ये विकत घेऊनही टाकली होती. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने ती विकायला लावली आणि २०२३मध्ये ती शटरस्टॉक या छायाचित्रं पुरवणाऱ्या कंपनीकडे गेली.

हे शक्य होतं, कारण कंपनीचं मुख्यालय कुठे आहे यापेक्षा तिचे ग्राहक कुठे आहेत हे इथे जास्त महत्त्वाचं. ग्राहक आपल्या देशात असतील, तर स्पर्धा कमी झाल्याची झळही त्यांनाच बसते. शिवाय एखादी मोठी बाजारपेठ वगळून उरलेल्या जगापुरतं विलीनीकरण करणं क्वचितच जमतं. त्यामुळे एका देशाचा नकार सगळीकडे लागू झाल्यासारखा होतो.

अर्थात या अधिकाराला मर्यादा आहेत. जनुकतपासणीची यंत्रं बनवणारी इलुमिना कर्करोगाची चाचणी विकसित करणारी ग्रेल विकत घेत होती; पण ग्रेलची युरोपात उलाढालच नव्हती. सप्टेंबर २०२४मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की हा व्यवहार तपासण्याचा अधिकार युरोपीय आयोगाला नव्हताच. नेमकी हीच अडचण तंत्रज्ञान कंपन्यांत वारंवार येते. फेसबुकने २०१४मध्ये १९ अब्ज डॉलरची बोली लावली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचं उत्पन्न नगण्य होतं. फक्त उलाढाल मोजणारा कायदा असे व्यवहार पाहूच शकत नाही. म्हणून जर्मनी आणि ऑस्ट्रियाने २०१७मध्ये व्यवहाराच्या किमतीचा निकष आणला. भारतातही १० सप्टेंबर २०२४पासून २,००० कोटी रुपयांवरचा व्यवहार, विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीचं इथलं कामकाज लक्षणीय असेल तर, स्पर्धा आयोगाला आधी कळवावा लागतो. कायदा तुझ्या डोळ्यांसमोर घडतो आहे. या क्षेत्रात येण्यासाठी मला यापेक्षा चांगली वेळ दिसत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. आधी हातातली पदवी पूर्ण कर. एलएलएमची घाई नको. त्याऐवजी बाजाररचनेचं अर्थशास्त्र आणि पायाभूत संख्याशास्त्र एवढं शीक, की अर्थतज्ज्ञाच्या अहवालावर तुला नेमके प्रश्न विचारता येतील. या कामाचा कणा युक्तिवादापेक्षा पुरावा आहे. बाजारपेठेची व्याख्या कुठवर ताणायची, ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो का, कंपनीच्या अंतर्गत ईमेलमध्ये प्रतिस्पर्ध्याबद्दल काय लिहिलंय, हे सारं महिनोन् महिने तपासावं लागतं. कंटाळा येण्याजोगं वाचन खूप असतं, हे आत्ताच सांगून ठेवते. नियामक कार्यालयांखेरीज विधी संस्था आणि आर्थिक सल्लागार संस्थांतही हेच काम चालतं. सुरुवात कुठूनही केलीस तरी चालेल.

हे काम आपल्याला झेपेल का, ते घरबसल्या तपासता येईल. मायक्रोसॉफ्टने केलेल्या अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड या व्हिडिओ गेम कंपनीच्या खरेदीवरचे ब्रिटन आणि युरोपीय आयोगाचे २०२३चे निर्णय शेजारी ठेवून वाच. क्लाउड गेमिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट गेम खेळण्याच्या बाजारात, स्पर्धेला असलेला धोका दोघांनाही दिसला होता. आयोगाने हे गेम इतर क्लाउड सेवांवरही खेळू देणाऱ्या दहा वर्षांच्या परवान्यांची कंपनीची हमी स्वीकारली, तर ब्रिटनने ती अपुरी ठरवून एप्रिलमध्ये व्यवहार रोखला. पुढे क्लाउड गेमिंगचे हक्क यूबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देण्याचं ठरल्यावर ऑक्टोबरमध्ये ब्रिटननेही परवानगी दिली. तुला कुणाचं पटतं आणि कोणत्या पुराव्यावरून, ते दोन पानांत लिही. इंटर्नशिपच्या अर्जाला गुणपत्रिकेसोबत तीच दोन पानं जोड. बाबांनाही वाचायला दे.