थर्मोस्टॅटसाठी आरडी मोडू का?

प्रश्न: भुसावळला स्लॅबचं घर, दीड टनी स्प्लिट एसी, २२ वर चालतो. मार्च ते जून बिल झेपत नाही. अमेरिकेतले दीर स्मार्ट थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान पाहून एसी आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) पाठवतो म्हणतात, त्याने बचत होते. वायरिंग आणि इन्व्हर्टर धरून २२,००० खर्च सांगितलाय. आरडी मोडू का? दुपारी मी शाळेत असते, सासूबाई घरी एकट्या.

ताई, आरडी मोडू नका. दीर सांगतात ते तिकडे खरं आहे. तिथे अख्ख्या घराला एकच यंत्रणा असते आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला २४ व्होल्टच्या बारीक तारा येतात. आपल्या स्प्लिट एसीला त्या तारा नसतातच. कुणी वायरमन २३० व्होल्टवर जोडून देतो म्हणाला तर हात लावू देऊ नका, यंत्र जळेल.

आपल्याकडे हे काम वाय-फायवरचा आयआर कंट्रोलर करतो, म्हणजे मोबाईलवरून चालणारा एसीचा रिमोटच. हजार-दोन हजारांत मिळतो. एसीच्या समोर ठेवायचा, २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडायचा, अ‍ॅपमध्ये एसीची कंपनी निवडायची. भिंत फोडायची गरज नाही.

आता हिशोब. एसी रोज १० युनिट खातो असं धरू; १०० दिवसांचे १,००० युनिट. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाने तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २२ चे २६ केले, पंखा सोबत लावला, तर २४० युनिट वाचतील. वाचणारे युनिट बिलातल्या वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात, म्हणून सरासरी दर लावू नका. १२ रुपयांनी २,८८० झाले. तुमच्या बिलावरचा दर पाहून आकडा बदला.

पण हे पैसे हातातल्या रिमोटवर २६ दाबूनही वाचतात, फुकटात! कंट्रोलरची स्वतःची कमाई म्हणजे चालू राहून गेलेला एसी बंद करणं. रोज अर्धा तास धरला तरी हंगामाला सहा-सातशे रुपये. दोन हजारांचं यंत्र तीन वर्षांत फिटेल. २२,००० फिटायच्या आत एसीच म्हातारा होईल.

तरी सासूबाईंना रिमोट जमत नसेल तर कंट्रोलर जरूर घ्या. ४५ अंशांच्या दुपारी शाळेतून एसी लावता येणं ही मोठी सोय आहे. फक्त ती बचतीत मोजू नका. लाईट जाऊन आल्यावर राउटर आणि कंट्रोलर आपोआप जोडले जातात का, तेवढं आधी तपासा.

आपली कोरडी हवा पाऊस येईपर्यंत कूलरला मानवते. दिवसा कूलर, रात्री एसी, आणि फेब्रुवारीअखेर स्लॅबवर चुन्याचे दोन हात, एवढं यंदा करा.

आरडी पिकली की ती छतावरच्या सोलरला लावू. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. वर्षभराची बिलं काढून ठेवा. हिवाळ्यात तुमचे युनिट किती पडतात ते पाहिल्याशिवाय मी २ की ३ सांगणार नाही.