‘लग्न झालं की थांबेल’ असं मीही एकदा म्हणाले होते

वाचकांचे प्रश्न, स्त्रीरोगतज्ज्ञाची उत्तरं

पाळीच्या दुखण्याबद्दल मागे लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन एकाच आजाराची आहेत, एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या आजाराची. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा देते आहे. त्या मुलीला तीन ठिकाणी तीन वेगळे सल्ले मिळाले आहेत आणि तिचा गोंधळ अगदी साहजिक आहे.

प्रश्न : माझं वय २६. गाव वाळवा तालुक्यात, नोकरी पुण्यात एका पतसंस्थेत, कॅश काउंटरवर. चौदाव्या वर्षी पाळी आली तेव्हापासून पोटात दुखतं, पण गेली चार वर्षं पहिले दोन दिवस उभंसुद्धा राहवत नाही. त्या दिवसांत संडासला बसलं की सुरी फिरवल्यासारखी कळ येते. काउंटर सोडून उठता येत नाही म्हणून सकाळी उपाशीपोटीच मेफ्ताल घेऊन निघते. दोन वर्षांपूर्वी पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल होती. आता डाव्या अंडाशयात ४.२ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी ६८ आली. तो आकडा पाहून वडील रात्रभर झोपले नाहीत. एका डॉक्टरांनी लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणाले, लग्न उरकून घ्या. तिसऱ्यांनी डायनोजेस्टच्या गोळ्या दिल्या, पण तीन आठवडे थोडं थोडं रक्त जात राहिलं म्हणून मी त्या बंद केल्या. घरी स्थळं येताहेत. आई म्हणते, यातलं कुणाला काही सांगू नकोस. मी काय करू?

उत्तर : आधी वडिलांना निवांत झोपू दे. सीए-१२५ वाढलं म्हणजे कॅन्सर झाला, असं नसतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते वाढतं, फायब्रॉइडमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या साध्या गाठीत वाढतं, नुसती पाळी चालू असताना रक्त दिलं तरी वाढलेलं दिसू शकतं. गाठ काळजीची आहे का, हे सोनोग्राफीत तिच्या आतल्या रचनेवरून पाहतात. तू पाठवलेल्या रिपोर्टात गाठीत घट्ट भाग नाही, आत रक्तप्रवाह नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. एंडोमेट्रिओसिसचं निदान करण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असं एश्रे या प्रजननतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितलं आहे.

आता त्या लग्नाच्या सल्ल्याबद्दल. १९९९ साली मी सांगलीत नुकता दवाखाना सुरू केला होता. बारावीची एक मुलगी आईबरोबर आली. तिच्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग होते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकून शेकून पडलेले. रोजच्या रोज कातडीला डाग पडेपर्यंत एखादी मुलगी शेक घेते, तेव्हा तिला किती दुखत असेल! ते डाग मी पाहिले, आणि तरी तिच्या आईला म्हणाले, ‘लग्न झालं की थांबेल.’ सहा वर्षांनी ती मूल होत नाही म्हणून आली. दुर्बीण घातली तेव्हा दोन्ही अंडाशयं गर्भाशयाच्या मागे ओढली जाऊन एकमेकांना चिकटली होती, आतडंही तिथेच अडकलं होतं. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मला मात्र ती बारावीतली मुलगी आजही दिसते.

म्हणून तुला ठामपणे सांगते, गरोदरपण हे या आजाराचं औषध नाही. पोटुशी असताना पाळी बंद असते, त्यामुळे कित्येकींना त्या काळात आराम पडतो. पण पाळी परत सुरू झाली की दुखणंही परत येऊ शकतं. आजार बरा व्हावा म्हणून बाईला गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये, हेही एश्रेच्या त्या सूचनांत आहे. लग्न कर, मूल होऊ दे, पण तुला हवं असेल तेव्हा. दुखतं म्हणून नको.

मुळात होतं काय? गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, गर्भाशय आणि गुदाशयाच्या मधल्या खाचेत. पाळीच्या चक्राबरोबर त्याही सुजतात, त्यांतूनही रक्त येतं. त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, मग आत दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साठलेलं जुनं रक्त वितळलेल्या चॉकलेटसारखं दिसतं, त्यावरून तुझ्या गाठीला ते नाव पडलं. या पेशी तिथे पोचतात कशा? जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ साली मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातून हे घडतं. पण उलटं रक्त तर बहुतेक बायकांमध्ये जातं. काहींनाच आजार का होतो, यात अनुवंशाचा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचा वाटा आहे. तू काय खाल्लंस, पाळीत डोक्यावरून पाणी घेतलंस का, याचा इथे काही संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी, मुली आणि बायकांना हा आजार आहे. तुझ्या काउंटरसमोर पासबुक घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांतही त्या असणारच.

तुझ्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ गाठीची नाही, संडासच्या वेळच्या कळेची आहे. हे तू त्या तिघांपैकी कुणाला सांगितलंस का? बहुतेक मुली संकोचाने सांगत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही घाईत विचारत नाही. पाळीच्या दिवसांत शौचाला अशी कळ येते तेव्हा आजार गर्भाशयामागे खोल, आतड्याजवळ असण्याची शक्यता धरावी लागते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तो सहसा दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी ‘नॉर्मल’ आलं त्यामागे हेही कारण असू शकतं. आपल्याकडे मुलगी अविवाहित आहे म्हटलं की तिला न विचारताच आतून करायची सोनोग्राफी टाळतात. हा निर्णय तुझा आहे, आईचा किंवा डॉक्टरांचा नाही. तुला चालणार असेल तर ती करता येते. नको असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. फक्त या आजाराचे रिपोर्ट नेहमी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे जा, आणि चिठ्ठीवर ‘पाळीत शौचाच्या वेळी वेदना’ असं डॉक्टरांकडून लिहून घे. काय शोधायचं ते माहीत असलं तर सापडतं. निदानासाठी दुर्बीण घातलीच पाहिजे, असं आता राहिलेलं नाही.

लगेच ऑपरेशन? या घडीला मी थांबेन. चॉकलेट सिस्ट काढताना तिच्या भिंतीला लागून अंडाशयाचा थोडा चांगला भागही जातो आणि बीजांचा साठा कमी होतो. तू २६ वर्षांची आहेस, गाठ एका बाजूला आहे, काळजीची दिसत नाही. पण गाठ भराभर वाढली, गोळ्यांना दुखणं बधलं नाही, किंवा आजाराने मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंडाला सूज आली, तर ऑपरेशन टाळू नये. मूत्रपिंडाची सूज कधी कधी काहीही न दुखता येते, म्हणून सोनोग्राफीत मूत्रपिंडंही पाहून घ्यायला सांग. आणि एकाएकी असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या तर घरी शेकत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.

पुढे कधी ऑपरेशन ठरलंच, तर आधी एएमएच ही रक्ततपासणी करून बीजांच्या साठ्याचा अंदाज घे. आणि डॉक्टरांना विचार : गाठ नुसती रिकामी करणार की तिची भिंत सोडवून काढणार? नुसती रिकामी केलेली गाठ बहुधा परत भरते. आतड्यावर आजार निघाला तर आतड्याचे सर्जन सोबत असतील का? ऑपरेशननंतर आजार परतू नये म्हणून पुढची योजना काय? असं विचारणं उद्धटपणा नाही. माझ्या पेशंट विचारतात तेव्हा मला बरंच वाटतं. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार.

तोवर गोळ्या. डायनोजेस्ट तू फार लवकर सोडलंस, पण यात तुझी चूक नाही. पहिले काही महिने असं अधूनमधून रक्त जातं, हे तुला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. आजार दडपण्यासाठी अस्तर पातळ करत जाणारं हे औषध आहे, ते रोज ठरल्या वेळी घ्यावं लागतं. डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू कर आणि निदान तीन महिने दे. मन फार उदास राहायला लागलं तर ते लगेच कळव, सोसू नकोस. नाहीच मानवलं तर इतर गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. एक औषध लागू पडलं नाही म्हणजे उपाय संपले, असं समजू नकोस. आणि हा आजार मुळापासून जाईल असं वचन देणाऱ्यापासून लांब राहा. तो ताब्यात ठेवता येतो, वर्षानुवर्षं चांगला ठेवता येतो.

मेफ्ताल उपाशीपोटी बंद. काहीतरी खाऊन घे, आणि कळ चढायच्या आधी, दुखण्याची पहिली चाहूल लागताच घे, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. त्यातल्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल २०२३च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने सावधानतेची सूचना काढली होती. अंगावर पुरळ, ताप, मानेत-काखेत गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखव.

राहिलं स्थळांचं. आईची भीती मला कळते, तिने आपल्या समाजात जे पाहिलं त्यातून ती आली आहे. पण ज्याच्याशी तुझं लग्न ठरेल त्याला तू सांगावंस असं माझं मत आहे. पत्रिका घेऊन आलेल्या प्रत्येकाला नाही, बैठकीत सगळ्यांसमोर नाही, त्याला एकट्याला. हा आजार असलेल्या कितीतरी बायकांना आपोआप दिवस राहतात, काहींना मदत लागते. मूल हवं असेल तेव्हा या गोळ्या बंद कराव्या लागतात, तेव्हा दुखणं वर येऊ शकतं, आणि त्या महिन्यांत त्याची साथ लागेल. हे ऐकून जो मागे फिरेल त्याचा निर्णय आधीच कळलेला बरा.

प्रश्न : वय ४१, दोन मुलं. मुक्काम गेवराई. पाळीत अतोनात दुखतं, रक्त खूप जातं. गावातल्या बायका म्हणतात पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. काढू का?

उत्तर : ताई, तुम्ही बीड जिल्ह्यातून लिहिता आहात, म्हणून हा प्रश्न वाचून मी थबकले. २०१९ साली तुमच्याच जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या अगदी तरुण वयात काढल्या गेल्या, हे सगळ्या महाराष्ट्रासमोर आलं. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा घाई करू नका.

तुम्ही सांगता त्यावरून अ‍ॅडेनोमायोसिसही असू शकेल, म्हणजे तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं. त्यावर आधी गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, ज्याला मिरेना म्हणतात, हे करून पाहता येतं. त्याने रक्त आणि दुखणं दोन्ही बऱ्याच जणींचं कमी होतं. रक्त इतकं जातं तर हिमोग्लोबिन तपासा, आणि पिशवीतल्या अस्तराची तपासणी लागेल का, तेही विचारा. हे सगळं करूनही भागलं नाही तर पिशवी काढणं योग्य ठरू शकतं, मी स्वतः अशी ऑपरेशनं केली आहेत. पण आतड्यावरचा किंवा इतरत्र असलेला आजार तसाच राहिला तर पिशवी जाऊनही दुखणं राहतं. आणि ‘पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का?’ हे सही करण्याआधी विचारा. ४१व्या वर्षी दोन्ही अंडाशयं गेली तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. सल्ला देणाऱ्या शेजारणींपैकी कुणाची कंबर आता धरली आहे, तेही एकदा विचारून बघा.

प्रश्न : पत्नीला एंडोमेट्रिओसिस आहे. शरीरसंबंधाच्या वेळी तिला खूप दुखतं, त्यामुळे ती टाळते. तिला मी नकोसा झालो आहे का? (नाशिक)

उत्तर : तुम्ही हे लिहिलंत, हे मला फार मोलाचं वाटतं. गर्भाशयामागच्या खाचेत आजार असला की संबंधाच्या वेळी आत खोल कळ येते, आणि ती नंतरही तास-दोन तास ठसठसत राहते. शरीर ती कळ लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळले जातात, आणि दुखणं आणखी वाढतं. ती कळ टाळते आहे. तुम्ही नकोसे झालात, असा त्याचा अर्थ लावू नका. तिच्या डॉक्टरांना हे लक्षण स्वतंत्रपणे कळायला हवं, कारण औषध ठरवताना ते मोजलं जातं. ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता नाशिकसारख्या शहरात शोधल्यास मिळतील. कोणत्या दिवसांत, कोणत्या स्थितीत कमी दुखतं, हे तिला विचारा, आणि ती थांब म्हणाली की थांबा. पुढच्या तपासणीला सोबत जा, जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आत गेल्यावर मात्र आधी तिला बोलू द्या.