जुनी गाडी विकायचीच आहे, मग खर्च कशाला? आणि खर्च नाही केला, तर झोप का लागत नाही?

दसरा आणि पाडवा जवळ आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. माणसं येतात वेगळ्याच तक्रारी घेऊन: झोप नाही, घरात चिडचिड, नवरा-बायकोत अबोला. थोडं बोलणं झालं की कळतं, नवी गाडी बुक झालीये, जुनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि गॅरेजवाल्याने हातात भलं मोठं एस्टिमेट दिलंय. आता काम करून विकायची, की आहे तशी? मला गाडीतलं फार कळत नाही. तरीही हा प्रश्न माझ्या खुर्चीपर्यंत येतो, कारण फिटरने उत्तर दिल्यावरही तो सुटलेला नसतो.

असंच एक जोडपं नाशिकमध्ये माझ्याकडे आलं होतं. ओळखीचे तपशील बदलले आहेत. पती सहकारी बँकेत अधिकारी, पत्नी शाळेत शिक्षिका. गाडी २०१३ ची, डिझेल, एमएच १५ पासिंग, पहिलाच मालक, सव्वा लाखाच्या आसपास रनिंग. एस्टिमेट अडुसष्ट हजारांचं: क्लच सेट चोवीस हजार, टायमिंग बेल्ट आणि त्याच्यासोबत बदलायचे भाग सोळा, सस्पेन्शनचं काम बावीस आणि पुढच्या ब्रेकचे सहा.

पतीचं म्हणणं, "मॅडम, काम करून दिलं तर गाडी कमीत कमी लाखभर जास्त देईल."

त्यांच्या पत्नीचं म्हणणं, "विकायच्या गाडीला अडुसष्ट हजार? माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून घरात काही करायचं म्हटलं की 'बघू' म्हणतात."

म्हणजे भांडण गाडीचं होतं आणि नव्हतंही. त्या 'बघू'कडे आम्ही नंतर गेलो. आधी मी विचारलं, "लाखभर जास्त, हे कोण म्हणालं?"

"ऑनलाइन बघितलं ना. अशाच गाड्या दोन ऐंशी, तीनला लावल्यात."

जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. गाडी शेवटी कधी, कोणाला, केवढ्याला गेली हे जाहिरात सांगत नाही. शिवाय 'आपला तो बाब्या' हा न्याय वस्तूंनाही लागू असतो. काहनेमान, थेलर आणि नेच या संशोधकांनी साध्या कॉफीच्या मगवर प्रयोग केले होते. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांना तो घ्यायचा होता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग त्यांना मिळून फार वेळही झाला नव्हता. इथे तर गाडीतून मुलगी दवाखान्यातून घरी आली होती.

मी त्यांना एकच काम दिलं. गाडी घेऊन जुन्या गाड्यांच्या दोन डीलरकडे जायचं आणि दोन आकडे विचारायचे: आहे तशी केवढ्याला घेणार, आणि ही सगळी कामं करून बिलासकट आणली तर केवढ्याला.

उत्तर आलं ते असं. आहे तशी दोन तीस. सगळं करून आणली तर दोन साठ. अडुसष्ट घालून तीस मिळणार, म्हणजे अडतीस हजार खिशातून. डीलर असं का म्हणतात, हेही एकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तीच कामं तो आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये बऱ्याच कमी पैशांत करून घेतो. तुम्ही शोरूमच्या दराने भरलेलं बिल तो कशाला मानेल?

पत्नी म्हणाल्या, "झालं मग! मिटलं."

ते गप्प. मी वाट पाहिली. गणित सुटल्यावरही माणूस गप्प बसला, तर मी वही मिटून ठेवते. खरं काम तिथे सुरू होतं.

"मला ते बरोबर वाटत नाही," ते म्हणाले. "अशी गाडी कोणाच्या तरी गळ्यात मारायची."

"गळ्यात कशाला मारायची? हे एस्टिमेटच घेणाऱ्याला दाखवलं तर?"

"दाखवायचं?" ते खरोखर दचकले. "मग तो काय म्हणेल?"

"काय म्हणेल?"

"म्हणेल, एवढं काम निघेपर्यंत तुम्ही काय करत होतात. गाडी नीट ठेवली नाही म्हणेल."

"आणि सगळं काम करून घेतलं तर?"

"मग काही सांगावंच लागणार नाही."

हे बोलून ते स्वतःच थांबले. मीही काही बोलले नाही. पत्नी त्यांच्याकडे बघत होत्या, पण आता रागाने नाही. थोड्या वेळाने गृहस्थांनी आपल्या वडिलांच्या स्कूटरचा विषय काढला. वडील रोज सकाळी ती पुसायचे. बऱ्याच वर्षांनी विकली, तेव्हा घेणारा म्हणाला होता, "साहेब, नवीच आहे की!" ते वाक्य वडिलांनी पुढे आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

तर अडुसष्ट हजारांत क्लच आणि बेल्टची किंमत होतीच. त्याशिवाय एका अनोळखी माणसासमोर एक वाक्य बोलावं लागू नये, याचीही किंमत होती. हे मला त्यांच्या बोलण्यातून उमगलं आणि तेव्हापासून असा कोणताही प्रश्न आला की मी आधी तेच शोधते: दुरुस्तीने यंत्रातलं काय सुटणार, आणि माणसाच्या मनातलं काय झाकलं जाणार? अनेकदा माणूस ज्याला सचोटी म्हणतो, ते बोट दाखवलं जाण्याचं भय असतं. सचोटीला खर्च लागत नाही, खरं सांगून टाकलं की ती पुरी होते.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत वाढलेली समुपदेशक आहे, हे लपवत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न माझ्या तोंडी आपोआप आला.

"समजा त्याने खरंच म्हटलं, 'गाडी नीट ठेवली नाहीत.' मग काय होईल?"

"वाईट वाटेल."

"किती वेळ?"

ते विचारात पडले आणि पहिल्यांदाच हसले. "ट्रायल संपेपर्यंत."

त्या हसण्यासाठी मी हे काम करते. 'मला कोणी नावं ठेवता कामा नये' हा हट्ट 'ठेवली तर थोडा वेळ वाईट वाटेल, पण चालेल' इथवर उतरला की माणसाला हिशेब दिसायला लागतो. मग आम्ही सराव केला. मी खवट गिऱ्हाईक झाले, बॉनेटवर टिचक्या मारल्यासारखं केलं, नाक मुरडलं. पहिल्यांदा ते अडखळले, सबबी सांगायला लागले, गेल्या वर्षी वेळच मिळाला नाही वगैरे. शेवटी त्यांचं वाक्य असं बसलं: "क्लच बदलायला आलाय, बेल्टची मुदत झालीये, खड्ड्यात खालून आवाज येतो. हे एस्टिमेट. किंमत त्या हिशेबानेच लावलीये."

असं सांगणं व्यवहारातही तोट्याचं नसतं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजारावरून दाखवून दिलं होतं की घेणाऱ्याला आतलं दिसत नाही, म्हणून तो प्रत्येक गाडी सरासरी दर्जाची धरूनच भाव करतो आणि त्यात चांगली गाडीही मार खाते. त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं. तुम्ही नवा क्लच टाकलात तरी तो घेणाऱ्याला दिसणार नाही. उलट 'आत्ताच का टाकला?' अशी शंका येईल. पण लेखी एस्टिमेट हातात दिलं की त्याच्या मनातल्या अंधारातल्या भीतीला एक आकडा मिळतो, आणि आकड्यावर घासाघीस करता येते.

आता याचा अर्थ कशालाच हात लावू नका असा नाही. ब्रेकचं काम त्या गृहस्थांनी स्वतःहून लगेच करून घेतलं. गाडी विकेपर्यंत पत्नी ती शाळेत नेणार होत्या आणि ट्रायलला अनोळखी माणूस चालवणार होता. तिथे परताव्याचा हिशेब मी कोणाला करू देत नाही. टायमिंग बेल्टचंही असंच. हा रबरी पट्टा मुदत उलटल्यावरही काही काळ मुकाट चालतो, पण तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. (काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं.) म्हणून गाडी अजून चार-सहा महिने वापरायची असेल तर बेल्ट बदला, तो खर्च विक्रीच्या नव्हे, तुमच्या वापराच्या खात्यात धरा. पंधरा दिवसांत द्यायची असेल तर सांगून द्या आणि तोवर लांबच्या फेऱ्या टाळा.

बाकी पैसे वसूल होतात ते किरकोळ गोष्टींवर. आतून-बाहेरून नीट धुलाई, पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश, गेलेला बल्ब, एका सेल्फमध्ये न उठणारी बॅटरी. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर स्कॅन करून कारण तरी लिहून घ्या, कारण तो दिवा बघून गिऱ्हाईक सगळ्यात मोठा खर्च मनात धरतं. पीयूसी आणि विमा चालू ठेवा, सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये लावा. आणि गाडी भाऊ, मेहुणा, ऑफिसातला सहकारी यांना देणार असाल तर माझं मत वेगळं आहे: काम करूनच द्या, किंवा देऊच नका. तिथे ट्रायल कधीच संपत नाही.

गंमत म्हणजे ज्याची काळजी करायला हवी, ती कोणी करत नाही. क्लचसाठी महिनाभर जागणारी माणसं फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे अर्ज) सह्या करून मोकळी होतात आणि आरसीवर नाव बदललं का, हे विचारतही नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी विकली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून तोच जबाबदार. झोप उडवायची असेल तर यावर उडवा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नव्हे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो.

त्यांची गाडी सिन्नरच्या एका तरुणाने घेतली, दोन पंचेचाळीसला. त्याच्या चुलत भावाचं गॅरेज होतं, एस्टिमेट बघून तो म्हणाला, "हे आपण घरीच करू." गाडी कशी ठेवली याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. विचारलं एवढंच, की दुसरी चावी आहे ना. आरसीवर नाव चढेपर्यंत मी दोघांकडून पाठपुरावा करून घेतला.

वाचलेल्या पैशांतून पत्नीच्या 'बघू'पैकी एक गोष्ट झाली, स्वयंपाकघराचा ओटा. नवी गाडी आली. दुसऱ्याच आठवड्यात पार्किंगमध्ये कोणीतरी डाव्या दाराला ओरखडा पाडला आणि गृहस्थ फोनवर म्हणाले, "मॅडम, परवाची वेळ मिळेल का?"