आवाज येतो, चित्र नाही : पिक्चर ट्यूब खरंच गेली का?

तुम्ही लिहिलंय, आजोबांचा लाकडी शटरचा 20 इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही माळ्यावरून खाली काढला, खरखर ऐकू येते, पडदा मात्र काळाठिक्कर. आणि मेकॅनिकनं मागचं झाकणही न उघडता सांगितलं, 'ट्यूब गेली, भंगारात घाला.'

एवढ्यात घालू नका. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. 'ट्यूब गेली' म्हणून आलेल्या कितीतरी संचांत ट्यूब ठणठणीत निघायची. ट्यूबवर ढकललं की मेकॅनिक सुटतो, एवढंच.

आधी जिवाचं सांगतो. बऱ्याच जुन्या संचांत चॅसिसच (आतला धातूचा सांगाडा) थेट घरच्या विजेच्या लाइनवर असते, त्यामुळं चालू संचाच्या आत हात नको. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपी दिसेल, तिथं पंधरा हजारांच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काचेत साठून राहतात. प्लग काढून हा साठा उतरवायचा तो ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेवर, चॅसिसवर नाही. नाहीतर ट्रान्झिस्टर जातात. थोड्या वेळानं परत एकदा उतरवायचा. हे कधी केलं नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या. ट्यूबची मान, म्हणजे मागची निमुळती काचेची नळी, नाजूक असते, टीव्ही उचलताना तिला धक्का नको. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेला संच थेट लाइनला लावू नका. दोन दिवस सुकवा, मग 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बातून मग संचात जाईल असा, घालून चालू करा.

आता बघायचं कुठं? मानेत. काचेच्या आत एक चकचकीत काळपट-रुपेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरली, विषय संपला. डाग रुपेरीच असेल तर खोलीत अंधार करून संच चालू करा आणि लांबूनच मानेत डोकवा. आत नारिंगी ठिणगीसारखा हीटर, म्हणजे तापून लाल होणारी तार, दिसतो का?

दिसत नसेल तर लोक लगेच 'फिलॅमेंट (हीटरची तार) तुटलं' म्हणतात. खरी गंमत इथंच आहे. बऱ्याच 20 इंची संचांत हीटरचे 6.3 व्होल्ट ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्याच (टोपीवरचे ते हजारो व्होल्ट तयार करणारा) एका गुंडाळीतून येतात. आडवं स्कॅनिंग (पडद्यावर ओळी ओढणारा भाग) बंद पडलं की हीटरही विझतो, आणि आवाज मात्र चालू राहू शकतो. म्हणजे रोग एकीकडं, दोष ट्यूबला. स्कॅनिंग चालू असेल तर 15,625 हर्ट्झची बारीक 'सीं' ऐकू येते. माझ्या कानांना ती आता येत नाही, नातीला शेजारी उभी करतो. शिट्टी नसेल तर ट्यूब सोडा, लाइन आउटपुटचा, म्हणजे याच आडव्या स्कॅनिंगचा, ट्रान्झिस्टर आणि ईएचटी बघा.

शिट्टी आहे पण हीटर पेटत नाही? मग संच बंद करून, साठा उतरवून, मानेवरचा सॉकेट काढा आणि हीटरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर तार शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तरी लगेच हात टेकू नका. मी स्वतः राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाइकाला नवी ट्यूब घ्यायला लावली होती. जुनी दुकानात पडून होती. एक दिवस सहज तिच्या पिनांच्या टोकांना सोल्डर लावलं आणि हीटर पेटला! पिनेतलं सोल्डर सुटलं होतं, बास. पैसे परत केले, पण त्या घरी चहाला जायची लाज बरेच दिवस वाटली.

हीटर पेटतो तरी अंधार असेल, तर स्क्रीन ग्रिडला (मानेच्या आतला एक भाग) व्होल्ट पोचतात का ते तपासून घ्या. 20 इंची ट्यूबला ठोकळमानानं 300-400 लागतात. तिथला एखादा कपॅसिटर किंवा रेझिस्टर गेला असेल तर दुरुस्ती अगदी स्वस्तात होते.

चित्र येतं पण फिकट, सावकाश उजळतं, ब्राइटनेस वाढवला की चेहरे चांदीचा वर्ख लावल्यासारखे होतात, असं असेल तर कॅथोड, म्हणजे हीटरनं तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, थकलाय. तेव्हा आम्ही ईएचटीच्या गाभ्यावर वायरचा एखादा वेढा वाढवून हीटरला सातेक व्होल्ट द्यायचो. ट्यूब काही दिवस तरतरीत होते. पण म्हाताऱ्या बैलाला चाबूक मारण्यातला प्रकार आहे तो, शेवटचा उपाय म्हणूनच करा.

आणि ट्यूब खरंच गेलीच, तर भंगारवाल्यांकडं त्याच मापाचा बंद संच शोधा. मानेची जाडी, पिनांची मांडणी, हीटरचं व्होल्टेज आणि किरण वळण्याचा 110 अंशाचा कोन जुळला पाहिजे. छोट्या 12 इंची संचाची ट्यूब चालणार नाही, तिचा हीटर बहुधा 11-12 व्होल्टचा असतो. ब्लॅक अँड व्हाइटचा योक (मानेवरची तारेची गुंडाळी) काढून दुसऱ्या ट्यूबवर बसवता येतो. चित्र तिरकं आलं तर योक फिरवायचा, बाजूला सरकलं तर मागच्या चुंबकाच्या कड्या फिरवून मध्यावर आणायचं.

तेवढं मानेतल्या डागाचा रंग कोणता आणि हीटर पेटतो का, हे लिहा. मग पुढचं बघू.