बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव आणि दादाने फाडलेल्या पावत्या

प्रश्न असा आहे: "मी नाशिकचा, जन्माने कॅथलिक. बारा वर्षं चर्चला गेलेलो नाही. नाव अधिकृतपणे काढून घ्यायचंय, पण फादर टाळाटाळ करतात. काय करावं? कोर्ट मॅरेजच्या आधी हे करणं गरजेचं आहे का?"

कोर्ट मॅरेजचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. गरजेचं नाही. १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करताना तुम्ही कुठल्या चर्चच्या वहीत आहात हे कुणी विचारत नाही. नोटीस द्या, ३० दिवस थांबा, तीन साक्षीदार घेऊन जा. फादरची सही कुठेही लागत नाही.

आता नावाचं. नाव निघत नाही. मी २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं यात घालवली आहेत. नाशकातल्याच एका चर्चमध्ये, नाव लिहीत नाही. मी जाणं २००७ पासूनच बंद केलं होतं. का, ते इथे सांगत बसत नाही. मला आतून काही उरलं नव्हतं, एवढं पुरे.

पहिल्यांदा ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या काकांनी मुकाट्याने कपाटातून वही काढली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. १९७४ चं पान. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप, धर्ममाता-धर्मपिता, फादरची सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. माझ्या ओळीत तिथे निळ्या शाईने दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीची, तारीख होती आणि पुढे रकाना कोरा. धर्ममाता म्हणून माझ्या थोरल्या मावशीचं नाव होतं. ती तोवर वारली होती. मी त्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभी होते. नाव खोडा असं मला म्हणायचंच नव्हतं. त्या तारखेला माझ्या डोक्यावर पाणी घातलं ही घडलेली गोष्ट आहे, ती पुसायचा हट्ट तुम्हीही धरू नका. बाप्तिस्मा एकदा झाला की कायमचा, असं चर्च मानतं आणि त्यावर वाद घालून तुमचं काही होणार नाही. मागायचं ते एवढंच: त्या कोऱ्या रकान्यात एक ओळ. "यांनी अमुक तारखेला लेखी कळवून चर्च सोडलं."

तर काका वही मिटता मिटता म्हणाले, "पण बाई, तुम्ही सोडलं कुठे? तुमची वर्गणी तर चालू आहे."

पावतीपुस्तकं काढली. २००८, २००९, २०१०, दरवर्षी माझ्या नावाने पावती. दादा भरत होता. नऊ वर्षं. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांच्या, आधी स्वतःची, आईची आणि माझी अशा तीन पावत्या एकदम फाडून घ्यायचा. मला शब्दाने बोलला नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो ते भांडण आजही मिटलेलं नाही. तो म्हणाला, "तुझ्यासाठी नाही भरत, आईसाठी भरतो. यादीतून तुझं नाव गेलं तर ती झुरून मरेल." आईला विचारलं तर ती म्हणाली, "पोरी, मग तुला माती कोण देणार?" तिच्या मनात धर्म नव्हता, कबरस्थानातली जागा होती. बाबांच्या शेजारी मी नसणार, ही तिची भीती होती. ती भीती मला समजते, दादाची काळजीही समजते. पण माझ्या वतीने दुसऱ्याने 'आहे' म्हणून सही करत राहायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

फादर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांनी माझं पत्र घरगुती कुरबुरीसारखं हाताळलं. आठवड्याभरात जपमाळवाल्या बायका घरी आल्या. मग फादर म्हणाले, "२००९ नंतर चर्च रीतसर सोडायची सोयच राहिली नाही." ही पळवाट तुम्हालाही ऐकवली जाईल, म्हणून नीट समजून घ्या. १३ मार्च २००६ च्या व्हॅटिकनच्या परिपत्रकात रीतसर पद्धत होती: स्वतःच्या मर्जीने, लेखी, बिशप किंवा आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरसमोर, आणि मग बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तशी नोंद. २६ ऑक्टोबर २००९ ला सोळाव्या बेनेडिक्ट पोपनी 'ओम्नियुम इन मेंतेम' हा आदेश काढला आणि लग्नाविषयीच्या तीन कलमांतून 'औपचारिक त्याग' हे शब्द वगळले. म्हणजे आधी रीतसर बाहेर पडलेल्याला चर्चच्या लग्नाच्या नियमांतून जी सूट मिळायची ती गेली. बदल लग्नाच्या नियमांत झाला. शेऱ्याच्या रकान्यात ओळ लिहायची नाही, असं त्या आदेशात कुठेही नाही. मी हे छापून नेलं, तेव्हा फादरनी पहिल्यांदा मला बसायला सांगितलं.

दुसरं पत्र जीपीओतून रजिस्टर एडीने पाठवलं, एक फादरना आणि एक बिशपना. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय. तुम्ही स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या.) सोबत सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाबाहेर टाइप करून घेतलेलं प्रतिज्ञापत्र. ते बंधनकारक नव्हतं, पण शिक्का बघून कागद फाइलला लागतो. चार महिन्यांनी बोलावणं आलं. फादरनी माझ्यासमोर ओळ लिहिली, पेन्सिलने. मी म्हटलं, शाईने लिहा. म्हणाले, "वरून विचारून लिहितो."

वर्षभराने मी मुद्दाम माझ्याच बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नवी प्रत मागितली. त्यावर शेरा नव्हता. दृढीकरणाची तारीख होती, माझी ओळ नव्हती. वही काढायला लावली तर पेन्सिलीचा नुसता पुसट ठसा. कुणी खोडरबर फिरवला ते मी विचारलं नाही. तोवर फादर बदलले होते. नव्या फादरना मी दोन्ही पोचपावत्या दाखवल्या. त्यांनी वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं. दोन मिनिटं लागली. ज्याला तीन वर्षं लागली ते दोन मिनिटांचं काम होतं.

दादाचा मुद्दा नेहमी एकच असतो: "कागदाने काय होतं? जाऊ नकोस म्हणजे झालं." आणि दाखला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा. टिळकांनी मिशन सोडलं पण ख्रिस्त नाही सोडला, म्हणून तूही घरात बसून काय मानायचं ते मान. दाखला चुकीचा आहे. टिळक जायचं बंद करून गप्प बसले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण कुठे उभे आहोत हे त्यांनी उघड सांगितलं. माझी वाट त्यांची नाही, पण उघड सांगायचं हे मी त्यांच्याकडूनच घेतलं. गप्प राहिलं की तुमच्या वतीने दुसरे बोलतात, तुमच्या नावाने पावत्या फाडतात. एवढंच मी दादाला नऊ वर्षं सांगतेय.

सरकारी नोंदीचं वेगळं आहे. धर्मबदल राज्याच्या गॅझेटमध्ये छापून घेता येतो. 'कुठलाच धर्म नाही' असंही म्हणता येतं: तशी अधिसूचना छापायला सरकारी छापखान्याने नकार दिला, म्हणून काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते आणि सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कुणालाही धर्म जाहीर करायला सरकार भाग पाडू शकत नाही. मी गॅझेट केलं नाही. मला सरकारला काही सांगायचं नव्हतं, चर्चला सांगायचं होतं.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. एक, लेखी सोडलंत तर चर्चमध्ये अंत्यविधी आणि कबरस्थानातली जागा अडू शकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधी सांगा, पत्र टाकल्यावर नाही. दोन, कुणी म्हणेल की बाहेर पडलास की एससीचा दाखला मिळेल. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले महाराष्ट्रात ओबीसीत मोडतात आणि नुसतं चर्च सोडून ते बदलत नाही. निव्वळ आरक्षणासाठी धर्म बदलणं ही घटनेशी फसवणूक आहे, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलंय. त्या नादी लागू नका.

पत्रात कारणं लिहू नका. माझ्या पहिल्या पत्रात दोन पानं कारणं होती आणि प्रत्येक कारणाचं उत्तर घेऊन कुणी ना कुणी दारात आलं. दुसऱ्यात चार ओळी: पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख, मी चर्च सोडलं आहे, शेरा लिहून दाखल्याची प्रत द्यावी. प्रत हातात घेऊन तिथेच वाचा. आणि पत्र टाकायच्या आधी घरात विचारून घ्या, तुमच्या नावाने वर्गणी कोण भरतंय.