अधिकाऱ्यांना ईसॉप (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन) दिले तर कंपनीचा पैसा जात नाही, मग हिशेबात खर्च किती, कधी आणि कसा दाखवायचा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: कंपनी सूचीबद्ध आहे आणि तिला इंड एएस (भारतीय लेखा मानकं) लागू आहे. १ एप्रिलला चार वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळून १,२०,००० ऑप्शन दिले. त्या दिवशीचा बाजारभाव २०० रुपये, एक्सरसाइज प्राइसही (ज्या भावाने शेअर घेता येतो तो) २०० रुपयेच. दरवर्षी एकतृतीयांश व्हेस्ट होणार (म्हणजे ते वापरण्याचा हक्क पक्का होणार) आणि व्हेस्ट झाल्यावर शेअर घ्यायला तीन वर्षांची मुदत. संचालकांचं म्हणणं, सवलत शून्य आहे, म्हणून खर्चही शून्य.

हे म्हणणं एकेकाळी चालायचं. अमेरिकेत २००४ साली सुधारित मानक येईपर्यंत बाजारभावाने दिलेल्या ऑप्शनचा खर्च शून्य दाखवता येत होता. आपल्याकडेही आयसीएआयच्या (चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेच्या) २००५ च्या मार्गदर्शक टिपणात इंट्रिन्सिक व्हॅल्यूची (बाजारभाव वजा एक्सरसाइज प्राइस) मुभा होती. इंड एएस १०२ मध्ये (शेअरच्या रूपातल्या मोबदल्याच्या मानकात) ती मुभा नाही. फेअर व्हॅल्यू, म्हणजे त्या हक्काची वाजवी किंमत, काढावीच लागते. भाव वाढला तर २०० ला शेअर घ्यायचा आणि पडला तर सोडून द्यायचा, असा कित्येक वर्षांचा हक्क कुणी कुणाला फुकट देत नाही. अधिकाऱ्याला तो कामाच्या मोबदल्यात मिळतो, म्हणून तो कर्मचारी खर्चच आहे. रोख गेली नाही एवढ्याने खर्च टळत नाही.

सगळ्या हिशेबाचा कणा एकच: दर ऑप्शनची फेअर व्हॅल्यू ग्रँटच्या (ऑप्शन देण्याच्या) दिवशी ठरते आणि नंतर भाव चढो वा पडो, ती बदलत नाही. बदलते ती फक्त व्हेस्ट होणाऱ्या ऑप्शनची संख्या.

म्हणूनच ग्रँटची तारीख आधी तपासा. संचालक मंडळाने ठराव केला, पण भागधारकांचा विशेष ठराव दोन महिन्यांनी झाला, तर ग्रँटची तारीख मंजुरीनंतरचीच धरावी लागते. शिवाय अटी अधिकाऱ्याला कळलेल्या आणि दोघांनाही मान्य असायला हव्यात. पत्रात ‘कामगिरीचं उद्दिष्ट नंतर कळवू’ असं लिहिलं असेल तर ते उद्दिष्ट कळेपर्यंत बहुधा ग्रँट झालेलीच नसते. यादीत प्रवर्तक किंवा स्वतंत्र संचालक नाहीत ना, हेही बघून घ्या. सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार ते अपात्र आहेत.

फेअर व्हॅल्यू काढायच्या ब्लॅक-शोल्स सूत्रासाठी सहा आकडे लागतात: शेअरचा भाव, एक्सरसाइज प्राइस, अपेक्षित मुदत, भावातली चढउतार, तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचा दर आणि लाभांश. यात घोटाळा होतो तो मुदतीत. करारातली शेवटची तारीख घालू नका. लोक त्याआधीच शेअर घेतात. तुमच्याकडे जुना अनुभव नसेल तर व्हेस्टिंग आणि शेवटची तारीख यांचा मध्य घेतात, म्हणजे तीन हप्त्यांना २.५, ३.५ आणि ४.५ वर्षं. चढउतारही तेवढ्याच मागच्या काळाची मोजा. कंपनी नुकतीच सूचीबद्ध झाली असेल तर त्याच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांची घ्या. चढउतार ३५ टक्के, दर ७ टक्के आणि लाभांश शून्य धरला तर तीन हप्त्यांची किंमत ढोबळमानाने ५८, ७० आणि ८१ रुपये येते.

आता वाटणी. बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो, कारण एकूण रकमेला सरळ तीनने भागावंसं वाटतं. इंड एएसमध्ये प्रत्येक हप्ता ही वेगळी ग्रँट मानतात. पहिल्या हप्त्याचे २३,२०,००० रुपये एकाच वर्षात जातात. दुसऱ्याचे २८,००,००० दोन वर्षांत, म्हणजे वर्षाला १४,००,०००. तिसऱ्याचे ३२,४०,००० तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला १०,८०,०००. त्यामुळे खर्च असा पडतो:

पहिलं वर्ष: ४८,००,०००
दुसरं वर्ष: २४,८०,०००
तिसरं वर्ष: १०,८०,०००

एकूण ८३,६०,००० पैकी निम्म्याहून जास्त रक्कम पहिल्याच वर्षी. सरळ भागलं असतं तर दरवर्षी सुमारे २७,८७,००० आले असते. अमेरिकी मानकात फक्त नोकरीच्या कालावधीची अट असेल तर सरळ वाटणीचा पर्याय आहे. तिकडचं तयार एक्सेल इकडे वापरलं की हीच चूक होते. संचालकांना पहिल्या वर्षाचा फटका बजेटच्या वेळीच दाखवा.

दर वर्षाअखेरची नोंद साधी आहे: कर्मचारी लाभ खर्च नावे, शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खातं जमा. हे खातं इक्विटीत (भागधारकांच्या निधीत) येतं, देणं म्हणून नाही. शेअरऐवजी भाववाढीची रक्कम रोखीने द्यायची योजना असेल, तर मात्र ते देणं होतं आणि प्रत्येक ताळेबंदाला त्याची किंमत नव्याने काढावी लागते.

समजा ३०,००० ऑप्शन असलेला एक अधिकारी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर राजीनामा देतो. त्याचा पहिला हप्ता व्हेस्ट झालेला आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यात आता प्रत्येकी ३०,००० ऑप्शनच उरले. दुसऱ्या हप्त्याची वर्षाअखेरपर्यंतची रक्कम २१,००,०००, त्यातून आधीचे १४,००,००० वजा, राहिले ७,००,०००. तिसऱ्याची दोनतृतीयांश रक्कम १६,२०,०००, त्यातून १०,८०,००० वजा, राहिले ५,४०,०००. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा खर्च १२,४०,०००. गेल्या वर्षीचे आकडे दुरुस्त करायचे नाहीत. फरक चालू वर्षातच येतो. त्याने व्हेस्ट झालेले १०,००० ऑप्शन न वापरता सोडून दिले, तर त्यांचे ५,८०,००० रुपये नफ्यात परत आणता येत नाहीत. ते इक्विटीतल्या इक्विटीत, राखीव निधीत हलवायचे. त्याने काम केलं, त्याचा खर्च झाला. पुढे भाव पडला हा वेगळा विषय.

वरिष्ठांच्या योजनांमध्ये कामगिरीची अट जवळजवळ नेहमी असते, आणि ती कोणत्या प्रकारची आहे यावर सगळं बदलतं. ‘नफा अमुक कोटी झाला तर’ ही अट असेल तर ती फेअर व्हॅल्यूत धरत नाहीत. दर वर्षाअखेर उद्दिष्ट गाठलं जाईल का याचा अंदाज घेऊन संख्या बदलायची. उद्दिष्ट हुकलं तर आजवरचा खर्च उलटतो. ‘शेअरचा भाव ४०० झाला तर’ ही अट असेल तर ती शक्यता फेअर व्हॅल्यूतच मोजली जाते. त्यासाठी साधं ब्लॅक-शोल्स पुरत नाही, माँटे कार्लो (भावाच्या हजारो संभाव्य वाटा संगणकावर चालवून सरासरी काढायची पद्धत) लागतं. तिथे भाव ४०० ला कधीच पोचला नाही आणि अधिकाऱ्याला एकही शेअर मिळाला नाही, तरी तो नोकरीत टिकून राहिला असेल तर पूर्ण खर्च तसाच राहतो. लेखापरीक्षक हे वेगळेपण हमखास तपासतात, म्हणून योजनेच्या मसुद्यातलं ते वाक्य मूल्यांकन करणाऱ्याला शब्दशः द्या.

भाव पडल्यावर एक्सरसाइज प्राइस उतरवायचा मोह होतो. समजा भाव १२० वर आला आणि प्राइसही १२० केली. बदलाच्या क्षणी जुन्या ऑप्शनची किंमत १६ आणि नव्याची ३९ आली, तर दर ऑप्शनमागे २३ रुपये जादा खर्च उरलेल्या व्हेस्टिंग काळात लावायचा. मूळचा खर्चही चालूच राहतो. ‘जुनी योजना रद्द केली’ म्हणूनही सुटका नाही: रद्द करताना उरलेला सगळा खर्च त्याच दिवशी नावे पडतो.

शेअर घेताना, १० रुपये दर्शनी किमतीच्या पहिल्या हप्त्यातल्या १०,००० शेअरची नोंद:

बँक नावे २०,००,०००
शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग नावे ५,८०,०००
शेअर भांडवल जमा १,००,०००
सिक्युरिटीज प्रीमियम जमा २४,८०,०००

करात या ५,८०,००० चा काही संबंध नाही. त्या दिवशी भाव ३४० असेल तर अधिकाऱ्याच्या पगारात १४,००,००० ची परक्विझिट (करपात्र लाभ) धरून टीडीएस कापावा लागतो, तोही त्याने शेअर विकले नसले तरी. त्याच्याकडे रोख नसते, त्यामुळे कराची रक्कम आधी जमा करून घ्यायची अट योजनेतच घाला. कंपनीला वजावट मिळते का, हा वाद बायोकॉन प्रकरणात आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू विशेष खंडपीठाने २०१३ मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये करदात्याच्या बाजूने सोडवला. पण तिथला मुद्दा बाजारभाव आणि एक्सरसाइज प्राइस यांतल्या सवलतीचा होता, ब्लॅक-शोल्सच्या रकमेचा नाही. म्हणून डिफर्ड टॅक्स (पुढच्या वर्षांत पडणारा किंवा वाचणारा कर) काढताना वर्षाअखेरच्या भावावरून वजावटीचा अंदाज घ्यावा लागतो. हा अंदाज एकूण खर्चाहून जास्त निघाला तर जादा भागावरचा कर नफा-तोट्यात न नेता थेट इक्विटीत न्यायचा.

परदेशी मूळ कंपनीने पुण्या-मुंबईतल्या उपकंपनीच्या अधिकाऱ्यांना स्वतःचे शेअर दिले, तरी खर्च उपकंपनीच्या पुस्तकांत येतोच. जमा बाजू तेवढी ‘मूळ कंपनीचं भांडवली योगदान’ अशी होते, आणि मूळ कंपनीने त्याचं बिल पाठवलं तर ती रक्कम सहसा या योगदानातून वजा करतात.